मी अजून बोलतोय

गेल्या काही काळात एकच व्हिडिओ मला किमान आठ जणांनी पाठवला असेल. मानेखालचं शरीर हलत नाही असा एक अमेरिकन तरुण खुर्चीत बसला आहे आणि समोरच्या लॅपटॉपवर बुद्धिबळाची मोहरी सरकत आहेत. हात मांडीवर स्वस्थ. न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत चिप बसवली, तोच हा तरुण, नोलंड आर्बो. व्हिडिओखाली बहुतेकांनी ‘बघ, काय जमाना आला!’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. एकाने मात्र एवढंच विचारलं होतं : ‘हें बाबांक मेळटलें?’

तो माझा चुलतभाऊ. राहतो पाळीला, आमच्या डिचोली तालुक्यात. त्याचे बाबा म्हणजे माझे थोरले काका. खाणी चालू होत्या तोवर त्यांनी ट्रक चालवला, २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर तो विकून घरालाच लागून दुकान टाकलं, आणि या सगळ्या काळात गावच्या भजनात पुढे बसून गायले. तीन वर्षांपूर्वी त्यांची जीभ जड झाली. आधी वाटलं दातांचं काही असेल, मग वाटलं अर्धांगाचा सौम्य झटका असेल. शेवटी निदान झालं मोटर न्यूरॉन डिसीजचं, ज्याला एएलएस म्हणतात. मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी या आजारात एकेक करून निकामी होतात. ऐकणं, कळणं, आठवणं हे बहुतेकांचं शाबूत राहतं, आणि डोळ्यांचे स्नायू पुष्कळदा इतरांपेक्षा जास्त काळ साथ देतात. काकांचा आवाज गेल्या दिवाळीच्या सुमारास पूर्ण गेला. हे सगळं त्यांना विचारून लिहितो आहे. कसं विचारलं, ते पुढे येईल.

चुलतभावाच्या प्रश्नाचं छोटं उत्तर : नाही, आज मिळणार नाही. बोलण्यासाठी मेंदूत बसवायची यंत्रं अजून चाचण्यांत आहेत आणि जगभरात मोजक्याच लोकांच्या डोक्यात आहेत. पण मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्यामुळे छोट्या उत्तरावर माझं समाधान होईना. मी या विषयावरचे शोधनिबंध वाचत गेलो, आणि त्यात मला एक गोष्ट सापडली जी व्हिडिओत कुठेच दिसत नाही. या यंत्रांचं अर्धं काम मेंदूचं आहे आणि अर्धं भाषेचं. मेंदूचं काम अमेरिकेत होतं आहे. भाषेचं काम मात्र आपल्यासाठी दुसरं कुणी करून ठेवणार नाही.

आधी मेंदूचं. माणसाच्या मेंदूतली वीज कवटीवरून पहिल्यांदा मोजली ती जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. ‘ब्रेन-कम्प्युटर इंटरफेस’ हा शब्द आला १९७३ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॅक व्हिदाल यांच्या लेखातून. १९८८ मध्ये फारवेल आणि डोन्चिन या दोघांनी एक साधी युक्ती केली. पडद्यावर सहा ओळी, सहा रकाने, छत्तीस खुणा. ओळी आणि रकाने आलटून पालटून चमकतात. तुम्ही मनात ‘प’ धरून त्याच्याकडे लक्ष ठेवलंत की ‘प’ची ओळ चमकताच साधारण तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूत एक छोटी लाट उठते. ती डोक्यावर चिकटवलेल्या तारांना कळते. ना शस्त्रक्रिया, ना काही. वेग मात्र मिनिटाला जेमतेम दोन-अडीच अक्षरं. ‘पंखा बंद करा’ म्हणेपर्यंत थंडी वाजून जायची.

हा वेग कमी का? कवटीबाहेरून मेंदू ऐकणं म्हणजे देवळाच्या मंडपाबाहेर उभं राहून आतलं भजन ऐकणं. ताल कळतो, लोक चढ्या आवाजात गातात की हळू तेही कळतं, पण शब्द काही लागत नाहीत. शब्द ऐकायचे तर आत जायला हवं.

आत जाण्याचं काम २००४ मध्ये ब्रेनगेट नावाच्या प्रकल्पाने केलं. चार मिलिमीटर लांब, चार मिलिमीटर रुंद अशी चकती, तिच्यावर केसासारख्या बारीक शंभर सुया, आणि ती मेंदूच्या पृष्ठभागात हात हलवण्याच्या जागी रुतवलेली. पहिला रुग्ण पडद्यावरचा बाण नुसत्या इच्छेने हलवू लागला. पुढची बरीच वर्षं संशोधक याच बाणामागे होते : बाण हलवा, पडद्यावरचं बटण दाबा, अक्षर निवडा. मग २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने वेगळाच प्रश्न विचारला. बाण कशाला? माणसाला लिहिता येत होतं ना? त्यांनी मानेखाली लुळ्या पडलेल्या एका पासष्ट वर्षांच्या गृहस्थांना सांगितलं, की हातात पेन आहे असं समजून कागदावर लिहायचा प्रयत्न करा. हात हलला नाही, पण मेंदूतून ‘लिही’ हा निरोप पूर्वीसारखाच निघत होता. त्या निरोपांवरून अक्षरं ओळखली आणि वेग निघाला मिनिटाला ९० अक्षरं. त्यांच्या वयाची माणसं मोबाइलवर टाइप करतात त्याच्या जवळपास.

या गटाच्या प्रमुखांपैकी एक होते कृष्णा शेणॉय. शेणॉय हे आडनाव गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या सारस्वतांमधलं, आपल्या ‘शेणवी’ या शब्दाचं भावंड, म्हणून ते नाव वाचताना मी थोडा थबकलो. ते मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांचं नाव असलेला पुढचा मोठा निबंध त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छापून आला, आणि तो लिहिण्याविषयीचा नव्हता, बोलण्याविषयीचा होता.

बोलण्याच्या बाबतीत आकडे फार भराभर बदलले. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले डॉ. एडवर्ड चँग यांच्या गटाने पक्षाघातामुळे पंधरा वर्षांहून अधिक काळ वाचा गेलेल्या एका माणसाचे पन्नास शब्द ओळखून दाखवले, मिनिटाला पंधरा या वेगाने, आणि चारातला एक शब्द चुकत होता. २०२३ मध्ये स्टॅनफर्डने एएलएस झालेल्या एका बाईंसाठी सव्वा लाख शब्दांचा संग्रह वापरला आणि वेग नेला मिनिटाला ६२ शब्दांवर, पण चुका अजून तितक्याच. ऑगस्ट २०२४ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा निबंध आला, आणि तो मी तीनदा वाचला. केसी हॅरेल, वय पंचेचाळीस, आजार काकांचाच. मेंदूत २५६ इलेक्ट्रोड. यंत्र सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून नव्वद टक्के शब्द बरोबर, आणि पुढच्या आठ महिन्यांत साडेसत्त्याण्णव टक्के. वेग मिनिटाला बत्तीस शब्दांचा. तुम्ही-आम्ही गप्पा मारताना दीडशेच्या पुढे असतो, पण अक्षरा-अक्षराने बोलणाऱ्या माणसाला बत्तीस म्हणजे धबधबा.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण घरी प्रत्येकाने मला हेच विचारलं. ही यंत्रं मनातले विचार वाचत नाहीत. हॅरेल बोलायचा प्रयत्न करतात, म्हणजे जीभ वर ने, ओठ मिट, असे निरोप त्यांच्या मेंदूतून खरोखर सुटतात. ते स्नायूंपर्यंत पोचत नाहीत इतकंच. यंत्र ते वाटेत झेलतं. माणूस नुसता मनाशी पुटपुटला तर ते ओळखता येईल का, यावर स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२५ मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी आधीच कुलूप बसवलं : मनात ठरलेला परवलीचा शब्द म्हटला तरच यंत्र ऐकायला लागतं. मला हे फार आवडलं. काकींना त्याहून जास्त. ‘मनातलं सगळंच बाहेर आलं तर संसार कसे चालायचे?’ असं त्या म्हणाल्या.

आता मला सगळ्यात मजेशीर वाटलेली गोष्ट. जीभ, ओठ, जबडा, कंठ यांना हलवणारी मेंदूतली जागा कशी मांडलेली आहे? चँग यांच्याच गटाने २०१३ मध्ये ते तपासलं. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूवर आधीच इलेक्ट्रोड ठेवलेले होते, अशा लोकांकडून त्यांनी ‘बा, बी, बू, दा, दी, दू’ अशी अक्षरं म्हणवून घेतली. चक्क बाराखडी! निष्कर्ष असा, की मेंदू अक्षरं इंग्रजी ए-बी-सी-डीच्या क्रमाने ठेवत नाही, तोंडातल्या जागेनुसार ठेवतो. ओठांनी होणारे ध्वनी एकत्र, जिभेच्या शेंड्याने होणारे एकत्र, जिभेच्या मागच्या भागाने होणारे एकत्र.

हे वाचून मी पहिलीतलं पुस्तक आठवलं. क ख ग घ कंठातून, च छ ज झ टाळूला, ट ठ ड ढ जीभ वळवून, त थ द ध दातांना, प फ ब भ ओठांनी. घशापासून सुरुवात करून ओठांपर्यंत बाहेर येणारा हा क्रम आपल्याकडच्या व्याकरणकारांनी दोन हजार वर्षांपूर्वी निव्वळ निरीक्षणाने लावला. ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असल्या फॉरवर्डांचा मला कंटाळा आहे आणि त्यांना मेंदूतलं काही ठाऊक नव्हतं हे उघड आहे. पण तोंडाचा नकाशा त्यांनी बरोबर काढला होता, आणि मेंदूतही तोच नकाशा निघाला.

याचा व्यवहारात अर्थ काय? ‘प’ म्हणताना ओठ मिटतात ते इंग्रजीतही आणि मराठीतही. म्हणजे मेंदूकडची बाजू भाषेवर फारशी अडत नाही. २०२४ मध्ये चँग यांच्या गटाने त्याच पन्नास शब्दांच्या रुग्णावर हे सिद्धच केलं. तो मूळचा स्पॅनिश बोलणारा, इंग्रजी शिकला तो पक्षाघातानंतर. एकाच यंत्राने दोन्ही भाषा ओळखल्या, आणि तो आत्ता कोणत्या भाषेत बोलतो आहे हेही यंत्राने स्वतःच ठरवलं. आमच्या घरात कोकणीत सुरू झालेलं वाक्य मराठीत संपतं आणि मध्ये इंग्रजी डोकावतं, तेव्हा ही बातमी मला चिपच्या बातमीपेक्षा मोठी वाटली.

अडतं ते पुढच्या टप्प्यावर. डेव्हिसचं यंत्र दर ऐंशी मिलिसेकंदांनी सांगतं की आत्ता इंग्रजीच्या ३९ ध्वनींपैकी कोणता असण्याची शक्यता किती. नुसते हे ध्वनी जोडले तर भाषा होत नाही. प की ब, त की द, असा गोंधळ असतोच. मग भाषेचं मॉडेल मदतीला येतं, आणि इंग्रजीत कोणत्या शब्दापुढे कोणता येतो याच्या अनुभवावरून वाक्य जुळवतं. फोनच्या कीबोर्डवर पुढचा शब्द सुचवला जातो ना, त्याचाच थोरला भाऊ. हा भाऊ नसेल तर अचूकता धाडकन कोसळते.

मराठीत हा भाऊ उभा करायचा तर पहिली अडचण शब्दांची. इंग्रजीत सव्वा लाख शब्दांत जवळपास सगळं बोलणं बसतं. आपल्याकडे एका ‘घर’चे घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा, घरावरून, घरापाशी असे किती तरी अवतार. शब्दांची यादी पाठ करून भागत नाही, शब्द तोडून त्याचे तुकडे शिकवावे लागतात. दुसरी अडचण ध्वनींची : ळ आणि ण आहेत, ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चमचा’मधला वेगळा, आणि लिहिताना दोन्ही सारखेच. तरी या दोन्ही अडचणी इंजिनिअरांच्या आहेत, त्या सुटतात. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, तरी तिच्यावरही असं काम प्रसिद्ध झालं आहे.

तिसरी अडचण जास्त चिवट आहे. स्टॅनफर्डच्या त्या बाईंनी सरावासाठी हजारो वाक्यं म्हटली, ती टेलिफोनवर झालेल्या खऱ्या इंग्रजी संभाषणांच्या एका जुन्या संग्रहातून घेतलेली होती. लोक फोनवर जसं बोलतात तशी, अर्धवट, घरगुती. मराठीत संगणकाला शिकवायला जो मजकूर सहज मिळतो तो बातम्यांचा, विकिपीडियाचा, सरकारी पत्रकांचा. त्यात ‘कृपया मला पाणी देण्यात यावे’ मिळेल. ‘उदक दी गो’ कुठे मिळणार? भारतीय भाषांतलं बोलणं गोळा करायचे प्रयत्न चालू आहेत. मद्रास आयआयटीतल्या एआयफोरभारत या गटाच्या ध्वनिसंग्रहात मराठी आहे आणि कोकणीही आहे. पण पाळीतल्या ओसरीवरचं बोलणं, म्हणजे कोकणी बोलायची, मराठी वाचायची-लिहायची, आणि भजनाच्या चालीत दोन्ही विसरायच्या, ते अजून कुणाच्या संग्रहात फारसं नसणार.

तोवर काय? तोवर आमच्याकडे तक्ता आहे. आणि खरं सांगायचं तर या लेखातलं सगळ्यात उपयोगी यंत्र तेच आहे.

ज्याँ-दोमिनिक बोबी या फ्रेंच संपादकाला १९९५ मध्ये झटका आला आणि फक्त डावी पापणी हलत राहिली. समोरचा माणूस अक्षरं वाचत जायचा, हव्या त्या अक्षराला बोबी पापणी मिटायचा. असं करत त्याने अख्खं पुस्तक सांगितलं. आम्ही तेच केलं, पण देवनागरीसाठी हिशेब मांडून. चौतीस व्यंजनं एका रांगेत वाचत गेलं आणि सगळी सारखीच लागतात असं धरलं, तर एका अक्षरासाठी सरासरी सतरा-अठरा अक्षरं वाचावी लागतात. त्याऐवजी आधी ओळ विचारायची, ‘क-ची ओळ? च-ची? ट-ची?’, आणि ओळ मिळाली की त्यातलं अक्षर. सरासरी सातावर येते. काकांचं ‘हो’ म्हणजे डोळे वर. पापणीची खूण आम्ही मुद्दाम ठेवली नाही, कारण पापणी आपसूकही मिटते.

बोबीच्या तक्त्यात अक्षरं वापराच्या क्रमाने होती, जास्त लागणारी आधी. तसाही एक तक्ता मी करून नेला होता : त, र, क, न, ल अशा क्रमाचा. हिशेबाने तो जास्त वेगवान. काकांनी दोन्ही वापरून पाहिले आणि शाळेतलाच ठेवला. जे साठ वर्षं पाठ आहे ते शोधावं लागत नाही, आणि पुढची ओळ कोणती येणार हे माहीत असलं की डोळे तयार राहतात.

मात्रा आम्ही विचारत नाही. ‘प-ण’ आलं की ते पाणी असेल, पण असेल, नाहीतर पुणे. दुपारी दोनला पाणी, माझा फोन आला असेल तर पुणे. हा अंदाज काकी इतक्या झटपट बांधतात, की पहिल्या अक्षरावरच पुष्कळदा काम होतं. चार वाजता ‘च’ला वाक्य पूर्ण. एकदा त्यांना असं करताना बघत होतो आणि लक्षात आलं, की काकी म्हणजेच भाषेचं मॉडेल. चाळीस वर्षांचा सराव, एकाच माणसाच्या बोलण्यावर.

आणि मॉडेलचा जो दोष, तोच काकींचाही. अंदाज लवकर बांधला जातो. काका एकदा ‘ड’ म्हणाले, काकी ‘डोकं दुखतं?’ म्हणून बाम आणायला उठल्या. काकांना डिचोलीविषयी काही सांगायचं होतं. एकदा ‘भ’वर सगळे भूक भूक म्हणून स्वयंपाकघराकडे गेले आणि खोलीत भजनाविषयी विचारणारे काका एकटेच राहिले. आजारी माणसाला लागणार काय, तर पाणी, जेवण, औषध, कूस, या समजुतीने आपण त्याची वाक्यं पुरी करत जातो, आणि मग तो तेवढंच बोलू शकतो. मोठ्या मॉडेलांच्या बाबतीत हीच भीती संशोधकांनाही आहे : यंत्र इतकं सफाईदार वाक्य रचेल की ते वाक्य माणसाचं आहे की यंत्राचं, हे कळणार नाही. म्हणून डेव्हिसच्या यंत्रात प्रत्येक वाक्यानंतर ते बरोबर आलं का, हे हॅरेल स्वतः सांगतात.

तक्त्याच्या तळाला आम्ही तयार वाक्यांची एक ओळ ठेवली आहे. पंखा कमी. कूस बदला. नाक खाजतं. टीव्ही बंद. तिथे काकांनी दोन वाक्यं स्वतः, अक्षरा-अक्षराने सांगून घालून घेतली. एक ‘चुकलं’. दुसरं ‘मी अजून बोलतोय’. हे दुसरं आता सगळ्यात जास्त वापरलं जातं.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी थोडं. डोळे हलत असतील तर मेंदूच्या चिपची वाट बघू नका. नजरेने चालणारे पडदे कित्येक वर्षांपासून आहेत. आयफोन बारा आणि पुढच्या फोनमध्ये २०२४ पासून नजरेने फोन चालवायची सोय आतच आली आहे. अँड्रॉइडवर गुगलचं ‘लुक टू स्पीक’ फुकट आहे, त्यात डावी-उजवीकडे बघून वाक्य निवडता येतं आणि वाक्यं आपली घालता येतात. मुंबईच्या ‘आशा एक होप’ या संस्थेने ‘ब्लिंक टू स्पीक’ नावाची डोळ्यांची खूणभाषा तयार केली आहे, तिला वीजही लागत नाही. मुलांसाठी मुंबई आयआयटीतलं ‘जेलो’ हे चित्रांचं ॲप आहे, मराठीतही. आणि जमेल तसं स्वतः करून बघायला हरकत नाही. २०२२ मध्ये फोंडा तालुक्यातल्या बेतोड्याच्या एका रोजंदारीवर राबणाऱ्या बापाने, हात हलवता न येणाऱ्या आपल्या मुलीसाठी जेवण भरवणारा ‘मा रोबोट’ बनवला होता. मुलगी आवाजाने हुकूम देते, यंत्र घास पुढे करतं. त्याच्याकडे तंत्रज्ञानाची पदवी नव्हती. आमच्यातल्या पदवीवाल्यांना तो व्हिडिओ मी मुद्दाम पाठवतो.

हे सगळं सोयीपुरतं नाही, हे आम्हाला या पावसाळ्यात कळलं. श्वास कमी पडू लागला, दाखल करावं लागलं. तिथे डॉक्टरांनी चुलतभावाला बाहेर बोलावून विचारलं, पुढे गळ्याला छिद्र पाडून कायमचं व्हेंटिलेटरवर ठेवायचं का? ठरवा आणि सांगा. तो रडवेला होऊन मला फोन करत होता, आणि ज्यांच्या गळ्याचा प्रश्न होता ते काका दाराच्या पलीकडे जागे होते. काकी उठल्या, पिशवीतून तक्ता काढला आणि आत गेल्या. तासभर लागला, दोन बैठकांत. दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी स्वतः ओळी वाचल्या : क-ची? च-ची? काकांनी काय ठरवलं ते इथे लिहीत नाही. त्यांनी परवानगी दिली ती बाकी सगळ्याची.

उपचार कुठवर करायचे हे आधी लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं पत्र नोंदवलं तेव्हा पेपरांत बातम्या आल्या होत्या. बोलता येतं तेव्हाच ते करणं किती सोपं असतं, हे त्या तासाभरात पुरतं कळलं.

राहिला आवाज. हॅरेल यांचं यंत्र त्यांच्याच जुन्या आवाजात बोलतं, आजारापूर्वीच्या रेकॉर्डिंगवरून बनवलेल्या. काकांसाठी मीही रेकॉर्डिंग गोळा करायला घेतलं आहे. चिपसाठी नाही, तक्त्यावरचं वाक्य निदान त्यांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून. भजनाची रेकॉर्डिंग पुष्कळ मिळाली, पण त्यात पेटी आहे, झांजा आहेत आणि वीस जण आहेत. चवथीच्या आरत्यांत तर घुमट असं दणदणतं, की कोणत्याही सॉफ्टवेअरने काकांचा आवाज वेगळा निघेना. गाण्याचा आवाज तसाही बोलायला चालत नाही. सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग निघालं ते चुलतभावाच्या जुन्या फोनमध्ये, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज. दुकान बंद करून काका त्याला साखळीच्या बाजारातून काय आणायचं ते सांगायचे. मागे कुणी नाही, पंखाही नाही. एकूण अकरा मिनिटं भरली. त्यात नारळ आहेत, गूळ आहे, ‘सुटे पैसे घेऊन ये’ आहे, आणि चार वेळा, जरा चढ्या आवाजात, ‘फोन ठेवू नको, मी अजून बोलतोय’ आहे.